शांघायच्या बागेतलं छीकुंग: व्यायाम, औषध की नुसती वाफ?

अबोली७

गेली तीन वर्षं आम्ही शांघायला आहोत, नवऱ्याच्या नोकरीमुळे. गेल्या वर्षी माझा डावा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. वेणी घालता येईना, पाठीमागचा हुक लावता येईना, झोपेत त्या कुशीवर वळलं की कळ थेट बोटांपर्यंत. फिजिओथेरपी चालू होतीच. घराजवळ फूशिंग पार्क आहे, तिथे सकाळी साडेसहाला पाय मोकळे करायला जायचे.

त्या बागेत सकाळी काय चालत नाही ते विचारा. एक आजोबा झाडूएवढा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहितात. ओळ पुरी होईस्तोवर पहिलं अक्षर वाळलेलं असतं. कोणी उलटं चालतंय, कोणी झाडाच्या बुंध्यावर पाठ धोपटून घेतंय. चिनारासारख्या उंच झाडांखाली पंधरा-वीस म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांचा एक गट. पिशव्या फांद्यांना अडकवलेल्या, चहाचे थर्मास कठड्यावर ओळीने, छोट्याशा स्पीकरवर तंतुवाद्य आणि एका पुरुषाचा संथ आवाज. त्या आवाजावर सगळे हात वर नेतायत, खाली आणतायत. बारा मिनिटं. मग पिशव्या उचलून भाजीला.

मी कडेला उभी राहून बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातल्या सत्तरीच्या एका बाईंनी मनगट धरून मला आत ओढलंच. इथे अशा बाईला 'आयी' म्हणायचं. अर्थ मावशी, पण कानाला अगदी आपली 'आई'. तर या आयींनी माझं कोपर खालून तळव्यावर तोललं, खांद्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "फांग-सुंग." सोड. ढिलं सोड. मी म्हटलं, सोडलाय. त्यांनी झटकन आपला हात काढून घेतला. माझा हात तसाच हवेत! अख्खा गट खो खो हसला. म्हणजे मी तो सोडलाच नव्हता, धरून ठेवला होता, आणि मला पत्ताही नव्हता.

त्याला आठ महिने झाले. आता वेणी घालता येते. आम्ही करतो त्या प्रकाराचं नाव पा-त्वान-चिन, आठ तुकड्यांचं किनखाप. छीकुंग या श्वास आणि संथ हालचालींच्या चिनी पद्धतीतला सगळ्यात साधा प्रकार म्हणे. तुमच्यापैकी कोणी केलंय का? हे नक्की काय आहे? इंटरनेटवर एक तर 'सर्व रोगांवर रामबाण' सापडतं नाही तर 'सगळं थोतांड'.

खवचट_काका

नाव 'छी'कुंग आणि लोक पहाटे उठून करतात? हलकं घ्या.

अबोली७

काका, माझ्या आईचीही फोनवर हीच प्रतिक्रिया होती. "छी काय गं, बरं नाव नाही का मिळालं?"

'छी' म्हणजे वाफ, हवा, श्वास आणि त्यापलीकडचं बरंच काही. 'कुंग' म्हणजे मेहनतीने कमावलेली हातोटी, 'कुंग फू'तला तोच कुंग. जुन्या लिपीत 'छी'च्या अक्षरात वर वाफ आणि खाली तांदूळ आहे, म्हणजे भात शिजतानाची वाफ! साध्या केलेल्या नव्या लिपीत तांदूळ गेला, नुसती वाफ उरली. धाग्याचं शीर्षक त्यावरूनच.

नाममात्र

छान धागा. थोडा इतिहास टाकतो.

१९७३ साली चीनच्या हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वेइ इथे एका थडग्याचं उत्खनन झालं. इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेलं थडगं. त्यात रेशमी कापडावर काढलेलं एक चित्र निघालं. ४४ माणसं, बायका आणि पुरुष, कोणी अंगभर कपड्यात, कोणी उघडं. कोणी वाकलंय, कोणी हात पसरलेत, एकाच्या हातात काठी. काही आकृत्यांशेजारी कोणत्या दुखण्यावर ही हालचाल तेही लिहिलेलं. त्या काळी या प्रकाराला 'ताओ-यिन' म्हणत. ओढणं आणि वळवणं असा साधारण अर्थ.

त्याहून जुना उल्लेख च्वांगत्झ या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात आहे, आणि मजा म्हणजे तो टिंगलीचा आहे. जुना श्वास टाकायचा, नवा घ्यायचा, अस्वलासारखं लोंबायचं, पक्ष्यासारखं ताणायचं, हे सगळं कशासाठी तर दीर्घायुष्यासाठी, असा त्याचा सूर. म्हणजे बागेत हात हलवणाऱ्यांना हसणारे खवचट काका तेव्हापासून आहेत.

हान घराण्याच्या काळाच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन २००च्या आसपास, ह्वा थ्वो नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी या पाच प्राण्यांच्या हालचाली बसवल्या अशी परंपरा आहे. त्याचं म्हणणं असं नोंदलंय की दाराची बिजागरी सतत हलते म्हणून ती कुजत नाही. अबोलीताई, तुमच्या खांद्याला हे लागू आहे.

खवचट_काका

आमची बिजागरी कुरकुरते. तेल कुठलं घालायचं तेही सांगा.

वाटसरू_सनातन

हे सगळं इथूनच गेलेलं आहे. बौद्ध भिक्षू बोधिधर्म दक्षिण भारतातून चीनमध्ये गेला, त्याने शाओलिन मठातल्या भिक्षूंना शिकवलं. छी म्हणजे आपला प्राण, तान-थियेन म्हणजे आपलं नाभीचक्र. आपलं सोनं आपणच बाहेरून विकत घेतो. सूर्यनमस्कार घाला, पुरे.

नाममात्र

वाटसरू, अर्धं खरं आहे आणि ते अर्धं तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा जास्त मजेदार आहे.

बोधिधर्माच्या नावावर 'यी-चिन-चिंग' म्हणजे स्नायू पालटण्याची पोथी खपवतात. पण अभ्यासकांच्या मते ती १७व्या शतकातली आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेली. तिला जोडलेल्या जुन्या प्रस्तावनाही बनावट. मोठं नाव लावलं की पोथी खपते, हे तिकडेही होतंच.

खरा धागा दुसरीकडे आहे. सुन स्मियाओ या थोर वैद्याच्या ७व्या शतकातल्या ग्रंथात १८ हालचालींचा एक संच आहे आणि तिथे स्वच्छ लिहिलंय की ही भारतातली, ब्राह्मणांची पद्धत. हात चोळणं, मुठी आवळणं, धनुष्य ओढल्यासारखं करणं, असं. म्हणजे देवाणघेवाण झाली यात शंका नाही. पण मावांगत्वेइची चित्रं बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याच्या दोनेकशे वर्षं आधीची आहेत. तेव्हा 'सगळं' इथून गेलं असं म्हणता येत नाही.

वाटसरू_सनातन

१८ हालचालींचं माहीत नव्हतं. वाचतो. बाकी मतभेद कायम.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं विरजण घालते. अबोली, राग मानू नकोस.

आखडलेला खांदा बहुतेकांचा वर्ष-दोन-तीन वर्षांत आपला आपणच बराचसा सुटतो. तू गेल्या वर्षी आखडलीस, फिजिओ चालू होती, आठ महिने बागेत गेलीस. आता श्रेय कोणाला द्यायचं? मी माझ्या धंद्यालाही पूर्ण देणार नाही. आणि हो, मधुमेह्यांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं, साखर तपासली आहेस ना?

आता विरजणातून थोडं लोणीही काढते. छीकुंगचं भावंड म्हणजे ताई ची, त्यावर बऱ्यापैकी नीट चाचण्या झाल्या आहेत. पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला ताई ची, दुसऱ्याला वजनं घेऊन व्यायाम, तिसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग, २४ आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीवाले दोघांच्याही पुढे होते, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा पडलेही कमी. म्हाताऱ्या माणसाचं न पडणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांच्या घरी खुब्याचं हाड मोडलंय त्यांना विचारा.

अडचण एवढीच की यात तुलनेसाठी 'खोटी गोळी' देता येत नाही. आपण हात हलवतोय की नाही हे रुग्णाला कळतंच. त्यामुळे संगतीचा, सकाळच्या हवेचा, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय याचा वाटा किती, ते वेगळं काढणं अवघड जातं.

आणि एक सावधगिरी. त्या आठात कमरेतून वाकून पाय धरायचा एक प्रकार आहे ना? मणक्याची हाडं ठिसूळ असतील तर तो सोडा.

अबोली७

राग कसला. साखर तपासली, काठावर आहे. आयींना तुझं म्हणणं मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं, की खांदा तसाही सुटला असता. त्या म्हणाल्या, "मग? दोन वर्षं घरात बसून वाट बघणार होतीस का?"

पिंपळपान

आधुनिक काळाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. हालचाली प्राचीन असतील, पण 'छीकुंग' हे नाव या अर्थाने रूढ झालं ते १९४९च्या सुमारास, आणि तेही कम्युनिस्ट पक्षाच्या एका कार्यकर्त्यामुळे.

ल्यू क्वेइचन त्याचं नाव. हपेइ प्रांतातला. पोटात अल्सर, प्रकृती पार खालावलेली, म्हणून गावी धाडलेला. तिथे त्याला एका जाणकाराने शरीर स्थिर ठेवून श्वासाबरोबर मनात शब्द म्हणायची जुनी पद्धत शिकवली. सुरुवात तीन अक्षरांनी, 'मी शांत' अशा अर्थाची. सवय झाली की वाक्य लांबवत न्यायचं. तो १०२ दिवस ते करत राहिला आणि बरा होऊन कामावर परतला, अशी त्याची कहाणी. पक्षाला ती आवडली, कारण औषधं नव्हती, डॉक्टर नव्हते आणि हा उपाय फुकट होता. मग देवधर्माचा भाग काढून टाकला, मंत्र काढले, साध्या शब्दांत बसवलं आणि नाव दिलं छीकुंग. १९५०च्या दशकात त्याच्यासाठी आरोग्यधामं निघाली, समुद्रकाठी पेइताइहला मोठं. आणि १९६६ला माओची सांस्कृतिक क्रांती आली तेव्हा हेच सगळं 'जुनाट अंधश्रद्धा' ठरून बंद झालं, ल्यूलाही हाकललं.

नंतरचा भाग तर कादंबरीत शोभेल. १९७९ साली सछ्वानमधला एक मुलगा कानाने वाचतो अशी बातमी सरकारी वृत्तपत्रात आली. मग देशभर कानाने, काखेने वाचणारी मुलं सापडायला लागली. चिनी क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छ्येन श्वेसन, एवढा मोठा वैज्ञानिक, तोही या 'अद्भुत शक्तीं'च्या पाठीशी उभा राहिला. गुरू स्टेडियमं भरवायला लागले, हजारो माणसं बसल्या जागी रडायची, हसायची, लोळायची. एका गुरूने ग्वांगचौत बसून बीजिंगच्या प्रयोगशाळेतल्या पाण्याचे रेणू बदलल्याचा दावा केला. त्या काळचा एक फोटो आहे, विश्वातून येणारे संदेश पकडायला माणसं डोक्यावर भांडी पालथी घालून शांत बसली आहेत. अक्षरशः स्वयंपाकघरातली पातेली.

१९८८मध्ये अमेरिकेतून असे दावे तपासणाऱ्या संशयवाद्यांचं पथक गेलं. गुरू एका खोलीत, रुग्ण दुसऱ्या. गुरू छी कधी सोडणार हे रुग्णाला माहीत नाही. रुग्णबाई विव्हळत, वळवळत होत्या खऱ्या, पण गुरू छी सोडत नव्हता तेव्हाही. मेळ काही बसला नाही.

खवचट_काका

पातेल्याचा फोटो बघितला. आमच्या हिने विचारलं, कुकर चालेल का.

कोकणकडा

फालुन गाँग हा पंथ पण यातलाच ना? त्याच्यावर तर चीनमध्ये बंदी आहे.

अबोली७

मी जिथून लिहितेय तिथून या विषयावर लिहिणार नाही. समजून घ्या.

पिंपळपान

मी पुण्याहून लिहितोय, मी लिहितो, पण चार ओळीच. १९९२ साली त्या गुरुबाजीच्या लाटेतच ते सुरू झालं. २५ एप्रिल १९९९ रोजी बीजिंगमध्ये पक्षनेत्यांच्या निवासाबाहेर दहाएक हजार अनुयायी मुकाट्याने उभे राहिले आणि सरकार हादरलं. जुलैमध्ये बंदी, मग धरपकड. त्याचा झटका बाकीच्या छीकुंग पंथांनाही बसला. पुढे सरकारच्या क्रीडाखात्यानेच चार जुने संच निवडून, घासूनपुसून २००३मध्ये प्रमाणित केले: पा-त्वान-चिन, पाच प्राणी, सहा ध्वनी आणि यी-चिन-चिंग. अबोलीताईंच्या स्पीकरवरचा तो संथ आवाज बहुधा त्याच प्रमाणित संचाचा असणार. गुरू काढून टाकला, आवाज ठेवला.

सोलापुरी_चादर

अवांतर, पण राहवत नाही. हपेइ म्हणजे आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा प्रांत! १९३८ला वैद्यकीय पथकाबरोबर गेले, १९४२ला तिथेच वारले, समाधी शिचियाच्वांगला. ल्यू क्वेइचन बरा झाला तो पाचेक वर्षांनी, त्याच प्रांतात. औषधं नसलेल्या त्या मुलखात एक माणूस चाकूसुरी उकळून ऑपरेशनं करत होता आणि दुसरा श्वास मोजून अल्सर बरा करत होता.

सांधेजोड

सोलापुरी, अवांतर आवडलं. मला दुखणं झालं तर दोघांपैकी मी कोटणीसांकडे जाईन.

मंद्र_सप्तक

लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू व्हायची होती. तेव्हा ओळखीतून एक 'मास्टर' भेटले. कोण, कुठले ते लिहीत नाही. फोनवरून छी पाठवायचे. रोज रात्री नऊला आईने फोन कानाला लावून पडून राहायचं, पलीकडून कोणी बोलायचं नाही. गाठीची 'कोंडी फुटेपर्यंत' केमो नको, असं त्यांनी सांगितलं. आम्ही भांडलो, पण आईला केमोची भीती होतीच, तिला कोणीतरी 'नको' म्हणायला हवं होतं. तीन महिने गेले. पुढचं सांगत नाही.

त्यांनीच तिला चालायलाही शिकवलं होतं. दोन छोटे श्वास नाकाने आत, एक बाहेर, पावलाच्या तालावर, टाच आधी टेकवायची. नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की ही क्वो लिन नावाच्या चित्रकार बाईंची पद्धत. त्यांना स्वतःला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता, आणि १९७०च्या दशकात बीजिंगच्या बागांमधून त्या हे शिकवायच्या. ते चालणं आईला मनापासून आवडायचं. शेवटच्या दिवसांत सोसायटीच्या गच्चीवर माझा हात धरून चालायची, शी-शी-हू, शी-शी-हू. तेवढा वेळ तिचा चेहरा वेगळा असायचा.

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. त्या चालण्यावर मात्र मला राग काढता येत नाही.

सांधेजोड

मंद्र, काय लिहू.

कर्करोगाच्या रुग्णांना थकवा, झोप, मन यांसाठी असं हलकं चालणं, श्वास यांचा उपयोग होतो, आम्हीही सुचवतो. उपचारांबरोबर. 'ऐवजी' हा शब्द जो कोणी वापरेल त्याच्याकडून उठून यायचं.

नाममात्र

_/\_ मंद्र.

रात्रपाळी

उलटा अनुभव सांगतो, कारण 'करून तर बघा, तोटा काय' असं कोणी म्हणायच्या आत.

लॉकडाउनमध्ये व्हिडिओ बघून मी छीकुंगमधली 'छोटी परिक्रमा' करत होतो. जीभ टाळूला लावायची, पाठीच्या कण्यातून छी वर न्यायची, डोक्यावरून पुढे पोटात उतरवायची. रोज दोन-दोन तास, एकटाच, खोली बंद. महिन्याभरात झोप उडाली, डोक्यात सतत दाब, कोणीतरी आत बोलतंय असं वाटायला लागलं. भावाने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या घेतल्या, आता ठीक आहे.

नंतर कळलं की चिनीत याला नावच आहे: त्सौ-ह्वो-रू-मो, म्हणजे आग भरकटली, भूत शिरलं. आणि १९९४च्या अमेरिकी मनोविकारांच्या वर्गीकरणातही छीकुंगमुळे होणाऱ्या मनोविकाराची नोंद होती. म्हणजे मी अगदीच एकटा नव्हतो.

अबोली७

रात्रपाळी, बरं झालं लिहिलंत. हे आयींना विचारलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, हलायचं सोडून आत काहीतरी शोधत बसलं की असं होतं. त्यांच्या गटात छी 'फिरवणं' वगैरे काही नाही. कोणी विचारलंच तर त्या नाभीखाली चार बोटं दाखवतात, तान-थियेन, "वजन इथे ठेव", की संपलं.

बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून कृती विचारली आहे. लिहून शिकता येत नाही, पण कल्पना देते. पहिल्यात बोटं गुंफून तळवे आभाळाकडे, जणू छप्पर उचलतोय. दुसऱ्यात घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून डावी-उजवीकडे धनुष्य ओढायचं. माझ्या खांद्याने इथेच सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या. मग एक हात वर एक खाली, मग मागे वळून बघणं. मुठी आवळून डोळे वटारायचा पण एक आहे, तो सगळे फार मन लावून करतात; समोरच्या आजोबांचे डोळे बघून मला हसू आवरत नाही. प्रत्येक प्रकार बहुतेक सहा वेळा. शेवटी टाचा उचलून सात वेळा खाली सोडायच्या, त्याने शंभर रोग जातात असं त्याच्या पद्यातच म्हटलंय. शंभर कुठले ते कोणी मोजलेले नाहीत.

वुहानमध्ये २०२०च्या सुरुवातीला स्टेडियमं-सभागृहांमध्ये कोविडची तात्पुरती रुग्णालयं उभारली होती, तिथेही खाटांच्या मधल्या बोळांत रुग्ण मास्क लावून हेच करायचे. त्याने विषाणू गेला असं नव्हे. पण दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला हात वर न्यायला काहीतरी निमित्त लागतं.

वाटसरू_सनातन

मतभेद कायम, पण धनुष्याचा प्रकार व्हिडिओ बघून करून पाहिला. मांड्या भरून आल्या.

कोकणकडा

सासूबाईंना (वय ७४, मुक्काम डोंबिवली, तिसरा मजला) आठही प्रकार दाखवले. वाकायचा सोडून बाकी सगळे केले. सात वेळा टाचा झाल्या आणि पाचव्या मिनिटाला खालच्या काकू वर हजर. "काय गं, खलबत्ता नवीन घेतलास का?"

अबोली७

:D चटई घाला. आणि त्यांना सांगा, टाच आपटायची नसते. उचलायची, आणि सोडायची.